टोल्यूनची गळती आणि बिनसीलचा पंप

लोटे एमआयडीसीतल्या आमच्या प्लँटमध्ये टोल्यून या ज्वलनशील द्रावकाच्या ट्रान्सफर पंपाचं मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टभोवतीची गळती रोखणारी जोडणी) सारखं गळायचं. टोल्यूनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, जेमतेम 4 अंश सेल्सिअस. कोकणातल्या उन्हात पंपाखालचा थेंबसुद्धा धोक्याचाच. सीलच नसलेला पंप घ्यायचा, हे पक्कं ठरलं. प्रश्न होता मॅग ड्राइव्ह (बाहेरची मोटर बंद धातूच्या कवचाआडून चुंबकांनी पंप फिरवते) की कॅन्ड मोटर (मोटर आणि पंप एकाच बंद आवरणात).

कॅन्ड मोटरचा रोटर द्रवातच फिरतो. मोटर-पंप जोडणारं कपलिंग नाही, अलाइनमेंटची कटकट नाही. आतलं लायनर (धातूचं पातळ अस्तर) फाटलं तरी बाहेरचं आवरण द्रव अडवतं, त्यामुळे अतिविषारी द्रवासाठी मी हाच निवडेन. पण वाइंडिंग गेलं की अख्खा पंप बनवणाऱ्याकडे पाठवायचा. आमच्याकडे स्टँडबाय पंप नव्हता, म्हणून मॅग ड्राइव्ह घेतला: मोटर नेहमीची फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर न जाऊ देणारी), गेली तर बदलता येते.

मात्र खरी काळजी पुढेच असते. चुंबकं फिरताना धातूच्या कवचात एडी करंटची (चुंबकांमुळे धातूत उठणाऱ्या विद्युतप्रवाहांची) उष्णता तयार होते आणि ती वाहून नेतो पंपातला द्रवच. सिलिकॉन कार्बाइडच्या बेअरिंगलाही वंगण त्याचंच. टाकी रिकामी झाली की बेअरिंग तडकायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही पॉवर मॉनिटर बसवला: मोटर ओढते ते किलोवॅट पडले की तो पंप ट्रिप करतो, म्हणजे बंद करतो. साधा अँपिअर रिले इथे पुरत नाही, कारण लोड कमी झाल्यावर करंट फारसा उतरत नाही, किलोवॅट मात्र स्पष्ट पडतात. सक्शनला गाळणीही हवीच. गंजाचे कण आतल्या चुंबकाला चिकटतात. गाळणी तुंबली तरी हाच ट्रिप पंप थांबवतो.