खोलीत ‘कार’, वर्गात ‘तार’: शाळेत स्पीच थेरपी करताना या चुका टाळा

थेरपीच्या खोलीत मूल ‘कार’ स्पष्ट म्हणतं आणि वर्गात पाय ठेवताच पुन्हा ‘तार’. लहान मुलांबरोबर शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भेटतं. अशा वेळी आपण सेशन वाढवतो. थांबा, आधीच्या सेशनमध्ये काय चाललं होतं ते बघा.

पहिली गफलत खेळाची. सापशिडी मांडायची, फासा टेबलाखाली गेला की शोधायचा, ‘आता माझी पाळी’ची भांडणं सोडवायची. एकदा एका मुलीच्या प्रत्येक ‘क’ला मी कागदावर एक रेघ मारत बसले. अर्ध्या तासात त्या मुलीच्या तोंडून ‘क’ निघाला अकरा वेळा! एवढ्या सरावाने जिभेची सवय कशी मोडणार? आता फासा हातात देण्याआधी पाच शब्द म्हणून घेते आणि अधूनमधून रेघा मारतेच.

दुसरी गफलत ‘माझ्या मागून म्हण’ची. पोपटपंचीत अर्थ नसतो. मी कार आणि तार अशी दोन चित्रं ठेवते. मुलीला हवी असते कार, ती म्हणते ‘तार’, मी निमूटपणे तार उचलून देते. ती माझ्याकडे बघते, चित्राकडे बघते, ‘ही नाही!’ म्हणते आणि पुढच्या खेपेला जीभ मागे न्यायची धडपड करते. मात्र ‘क’ सुटा काढता येतो का आणि दोन शब्दांतला फरक कानाला कळतो का, हे आधी तपासा. नाहीतर तो नुसता छळ होतो.

कानावरून आठवलं. ‘मागच्या वर्षी तपासणी झालीय’ यावर विसंबू नका. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचलं की ऐकणं कमी-जास्त होत राहतं. मूल सोमवारी ऐकतं, गुरुवारी नाही, आणि आपण ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारतो. शंका आली की पुन्हा तपासणीला पाठवा. शाळेतली कानांची चाळणी-तपासणी, म्हणजे पुढे कोणाला नीट तपासायचं ते ठरवणारी झटपट चाचणी, साधारणपणे १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झच्या सुरांवर, २० डेसिबल इतक्या हळू आवाजात होते; बाहेर मधली सुट्टी चालू असेल तर तिचा निकाल धरू नका.

फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं, जीभ नाकाला लावणं याने उच्चार सुधारत नाहीत. मुलांना मजा येते, पालकांना काहीतरी चाललंय असं वाटतं, बस्स. आणि चार वर्षांचं मूल ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणत असेल तर घाई नको. ‘र’ उशिराच येतो. ‘क’चा ‘त’ मात्र साडेतीन-चार वर्षांनंतरही टिकला तर बघायला हवं.

अडखळणाऱ्या मुलाला ‘सावकाश बोल, श्वास घे’ सांगू नका. बोलणं ही परीक्षा आहे हेच त्याला कळतं. आपणच जरा संथ बोलावं आणि वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्यावं. घरी भरभरून बोलणारं आणि शाळेत महिनोन्‌महिने गप्प राहणारं मूल हट्टी नसतं. त्याच्याकडून ‘गुड मॉर्निंग’ वदवून घ्यायची चढाओढ आधी थांबवा. घरी भाषा वेगळी असेल तर ‘शाळेचीच भाषा बोला’ हा सल्ला तर देऊच नका. आईवडील ज्या भाषेत मोकळेपणी बोलतात, त्याच भाषेतून मुलाला सर्वांत जास्त मिळतं.

राहिला वर्ग. मी पूर्वी बाईंना दोन पानी सूचना द्यायचे. ती पानं कपाटात जायची, त्यात बाईंचा काय दोष? आता आठवड्याला एकच शब्द देते, तोही वर्गात रोज लागणारा. त्या मुलीसाठी ‘कागद’ दिला होता. कागद वाटायचं काम बाईंनी तिच्याकडेच सोपवलं. पहिले दोन दिवस ‘तागद’. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने विचारलं, ‘काय हवं?’ ती थबकली, आणि म्हणाली, ‘क...कागद घे.’