जुनी आलिशान सेडान घेताना किलोमीटर आणि किंमत: या चुका टाळा

दहा-बारा वर्षे जुनी मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५-सिरीज किंवा ऑडी ए६ आज पुण्याच्या सेकंड-हँड बाजारात एखाद्या नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या किमतीत, कधी कधी त्याहूनही कमी पैशांत मिळते. मोह होणे साहजिक आहे. मात्र अशी गाडी पाहायला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण ‘किती चालली आहे?’ हाच प्रश्न आधी विचारतो, विक्रेताही किंमत त्याच आकड्याभोवती बांधतो, आणि कमी रनिंगसाठी दोन-चार लाख जास्त मोजणे दोघांनाही योग्य वाटू लागते. चार-पाच वर्षांच्या गाडीसाठी हा हिशोब बऱ्याच अंशी चालतो. बारा वर्षांच्या आलिशान सेडानसाठी तो बहुतेक वेळा चुकतो, कारण त्या वयात गाडीचे मोल तिने कापलेल्या अंतरापेक्षा तिच्यावर वेळच्या वेळी झालेल्या कामांवरून ठरवायला हवे.

कमी चालली म्हणजे कमी झिजली, हा समज

इंजिनाची झीज किलोमीटरने मोजण्याची आपल्याला सवय आहे, पण इंजिन झिजते ते मुख्यतः चालू असलेल्या तासांनी. समजा, एक गाडी कोथरूड ते कॅम्प, कॅम्प ते हिंजवडी अशी शहरातच फिरली आणि तिचा सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर पडला, तर ४८,००० किलोमीटरसाठी तिचे इंजिन ३,००० तास चालले. दुसरी गाडी आठवड्यातून दोन-तीनदा द्रुतगती मार्गाने मुंबईला जात असे आणि तिचा सरासरी वेग ताशी ५५ राहिला, तर १,१०,००० किलोमीटर होईपर्यंत तिचे इंजिन २,००० तासच चालले. मीटर पाहून दुसरी गाडी दुप्पट थकलेली वाटते. प्रत्यक्षात जास्त वेळ, जास्त उष्णतेत आणि जास्त गिअर बदलत काम केले ते पहिलीने. क्लच-ब्रेकचा दाब, गतिरोधकांवरची आदळआपट आणि पावसाळ्यातले खड्डे हे सगळेही शहरातल्या गाडीच्याच वाट्याला जास्त येते.

त्यातही गाडी डिझेलची असेल, तर कमी रनिंगचा आकडा अधिकच संशयाने पाहावा. डिझेल इंजिन पुरेसे तापलेच नाही, तर ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) काजळी साचत जाते, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत ती काजळी जाळून टाकण्यासाठी लागणारा सलग, मोकळ्या रस्त्यावरचा प्रवास चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये कधी घडतच नाही. ‘आम्ही गाडी फक्त रविवारी बाहेर काढायचो’ असे विक्रेता अभिमानाने सांगतो, तेव्हा खरेदीदाराने निश्चिंत होण्याऐवजी आणखी चार प्रश्न विचारलेले बरे.

शिवाय गाडीतले बरेचसे भाग अंतराकडे पाहतच नाहीत. सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंट, कूलंटचे होज, व्हॉल्व्ह कव्हरचे गास्केट, दारांची रबरे आणि एअर सस्पेन्शनच्या एअर स्प्रिंगचे रबर ही सारी उष्णतेने आणि वयाने कडक होतात, चिरतात आणि गळू लागतात. उभ्या गाडीतली बॅटरी खराब होते, टायर चाळीस टक्केसुद्धा झिजलेले नसताना बाजूने तडकतात, आणि ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषत राहते. गिअरबॉक्सचे उदाहरण तर फार बोलके आहे. या काळातल्या अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये असलेल्या झेडएफच्या ८-स्पीड गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे खरेदीदाराला सांगितले जाते. परंतु गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ते सुमारे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदलावे असे सांगते. म्हणजे बारा वर्षांत ४८,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे ते काम वयाच्या हिशोबाने केव्हाच थकलेले असते, आणि ‘एवढी कुठे चालली आहे’ म्हणून ते कुणी केलेले नसण्याचीच शक्यता जास्त असते.

याचा अर्थ जास्त चाललेली गाडी डोळे झाकून घ्यावी असा मुळीच नाही. इंजेक्टर, टर्बो, व्हील बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर यांची झीज अंतराशी बांधलेली असते, आणि दीड लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत यांपैकी काय बदलले आहे याची बिले नसतील, तर ती सगळी कामे आपल्याच डोक्यावर येणार असे धरून चालावे.

मीटरवरचा आकडा पुरावा नसतो

डिजिटल मीटर मागे नेता येत नाही, हा गैरसमज अजून टिकून आहे. योग्य उपकरण हाताशी असले, तर ते काम थोड्या वेळात होते, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या मालकाची, ड्रायव्हरने चालवलेली गाडी आतून इतकी नीट राहते की ७०,००० आणि १,४०,००० यांतला फरक नुसत्या नजरेला कळत नाही. स्टिअरिंगचे चामडे आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड पाहावी असे सगळेच सांगतात. पण ही दोन्ही ठिकाणे विक्रीपूर्वी नवी करून घेणे स्वस्त असते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

खरा आधार म्हणजे तारखांसह रनिंगची नोंद असलेले कागद. चासी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढता येतो. तो विक्रेत्याने स्वतः मागवावा आणि आपल्यासमोर उघडावा, कारण शिक्के मारलेले सर्व्हिस बुक बनावट करणे अवघड नाही. विम्याच्या दाव्यांचे कागद, जुनी बिले, टायर आणि बॅटरीच्या पावत्या यांवरही बहुधा किलोमीटर लिहिलेले असतात. हे सगळे आकडे तारखेनुसार एका कागदावर उतरवून काढावेत. सुरुवातीची चार वर्षे वर्षाला १८,००० आणि नंतर अचानक वर्षाला २,००० असा क्रम दिसला, तर त्याला खरे कारणही असू शकते (मालकाने दुसरी गाडी घेतली असेल, २०२०-२१ मध्ये गाडी उभी राहिली असेल), पण ते कारण कागदावर दिसायला हवे. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३५,००० चाललेल्या गाडीवर टायरचा तिसरा संच दिसला, तर पहिले दोन संच कुठे झिजले हे विचारायलाच हवे.

याखेरीज, बऱ्याच जर्मन गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद मीटरबरोबरच इतर काही कंट्रोल युनिट्समध्येही (गाडीतल्या छोट्या संगणकांमध्ये) राहते, आणि फोक्सवॅगन-ऑडी गटाच्या गाड्यांत फॉल्ट कोडसोबत तो दोष कोणत्या किलोमीटरला आला हेही साठवले जाते. त्या ब्रँडचा योग्य स्कॅनर असलेल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये ही तपासणी करून घेण्यासाठी लागणारे काही हजार रुपये वाचवणे ही या व्यवहारातली सर्वांत महागडी काटकसर ठरू शकते. सध्याच्या किलोमीटरपेक्षा जास्त किलोमीटरला नोंदला गेलेला दोष सापडला, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

किंमत किलोमीटरवर तोलण्याची चूक

आता पैशांचा हिशोब पाहू. समजा, एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन डिझेल सेडान समोर आहेत: पहिली ४८,००० किलोमीटर चाललेली आणि १३ लाख २५ हजारांना, दुसरी १,१२,००० चाललेली आणि ९ लाख ७५ हजारांना. फरक साडेतीन लाखांचा आणि ६४,००० किलोमीटरचा, म्हणजे न चाललेल्या प्रत्येक किलोमीटरसाठी आपण सुमारे साडेपाच रुपये मोजतो आहोत. हे पैसे परत कधी येणार? खरेदीदार वर्षाला ८,००० किलोमीटर चालवून चार वर्षांनी गाडी विकणार असेल, तर तेव्हा पहिली ८०,००० वर आणि दुसरी १,४४,००० वर असेल. पण दोघीही सोळा वर्षांच्या झालेल्या असतील, आणि त्या वयाच्या गाडीला गिऱ्हाईक मिळाले तरी ते रनिंगसाठी साडेतीन लाख जास्त देणार नाही. आज दिलेल्या जादा पैशांतला मोठा भाग चार वर्षांत वितळून जातो.

याच्या जागी मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. दोन्ही गाड्या लिफ्टवर घ्याव्यात, मेकॅनिककडून पहिल्या बारा महिन्यांत करावी लागतील अशा कामांची लेखी यादी आणि अंदाजे खर्च घ्यावा, आणि तो मागितलेल्या किमतीत मिळवावा. गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर, पुढचे कंट्रोल आर्म, चार टायर, बॅटरी, वॉटर पंप, ब्रेक डिस्क आणि गळत असलेली गास्केट, एवढ्यानेच ही बेरीज बरीच वर जाते. दुसऱ्या गाडीत यांपैकी निम्मी कामे बिलांसह झालेली असतील आणि पहिलीत काहीच झालेले नसेल, तर साडेतीन लाखांचा फरक प्रत्यक्षात आणखी रुंदावतो. उलट, दुसरीचे एकही बिल नसेल, तर तिचा स्वस्तपणा त्या यादीतच संपून जातो. घासाघीसही याच यादीवर करावी, कारण ‘जास्त चालली आहे, पन्नास हजार कमी करा’ याला विक्रेत्याकडे उत्तर तयार असते, पण लेखी अंदाजपत्रकाला नसते.

‘साठ लाखांची गाडी नऊ लाखांत’ हा युक्तिवाद मनातून काढून टाकावा. गाडी नऊ लाखांची झाली तरी तिचे सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. पुण्यातल्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात काही भाग स्वस्तात मिळतात, ओईएम पुरवठादारांचे (मूळ कंपनीला भाग पुरवणाऱ्यांचे) भागही वापरता येतात, पण एअर सस्पेन्शन किंवा हेडलाइट युनिटसारख्या गोष्टींना फारसा स्वस्त पर्याय नसतो. खरेदीची रक्कम ठरवताना तिच्या किमान पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी पाहणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

प्रत्येक इंजिनाचा दोष वेगळा

किलोमीटरच्या आकड्यापेक्षा इंजिनाचा कोड जास्त काही सांगून जातो, आणि खरेदीदार तो क्वचितच विचारतात. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात, विशेषतः २०११ पूर्वीच्या गाड्यांत, टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवून ठेवणारी साखळी) झिजण्याची तक्रार जगभर ऐकू आली. ती चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला असल्यामुळे तिचे काम मोठे आणि खर्चिक असते. ऑडीच्या त्याच सुमाराच्या २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनांपैकी काहींना पिस्टन रिंगमुळे तेल पिण्याची खोड होती. मर्सिडीजच्या एम२७१ पेट्रोल इंजिनात टायमिंग चेन आणि कॅमशाफ्टच्या गिअरकडे पाहावे लागते. ही दुरुस्ती झालेली ९०,००० ची गाडी न झालेल्या ५०,००० च्या गाडीपेक्षा बिनदिक्कत निवडावी.

म्हणूनच गाडी पाहायला जाताना इंजिन आधी तापवून ठेवू नये असे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे. चेनचा खडखडाट आणि एक्झॉस्टचा निळसर धूर थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांतच कळतो. नंतर सोसायटीभोवती एक फेरी मारून समाधान मानू नये. चांदणी चौकातून बायपासने जुन्या कात्रज घाटापर्यंत जावे, चढावर गिअर कसे बदलतात ते पाहावे, आणि परतताना गर्दीत एसी चालू ठेवून तापमान स्थिर राहते का ते तपासावे.

संशयास्पद स्वस्ताई

बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत आणि कमी रनिंग एकत्र दिसले, तर दोन शक्यता आधी तपासाव्यात. पहिली पुराच्या पाण्याची. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत अनेक वाहने पाण्यात गेली, आणि अशी गाडी नंतर फारशी चालवली गेली नसेल, तर तिचे मीटर कमीच दाखवते. कार्पेट उचलून खाली गाळ आहे का, सीटच्या रुळांवर गंज आहे का, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात पाण्याची खूण आहे का हे पाहावे. आलिशान गाड्यांत कंट्रोल युनिट्स सीटखाली आणि डिकीत असतात, त्यामुळे त्यांचे वायरिंग एकदा भिजले की दोष वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत.

दुसरी शक्यता दिल्लीची. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंधने आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिथल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. त्यांतल्या काही उत्तम असतातही. मात्र तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा कर आणि एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगचा खर्च किमतीत धरल्याशिवाय तुलना करू नये, आणि हे सगळे एजंटच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये.

कागद आणि वय

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर हे ओघाने येतात. तेरा वर्षांच्या गाडीसाठी कमी रनिंगचा प्रीमियम देताना ही तारीख दोन वर्षांवर आली आहे हे लक्षात ठेवावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यावर चलने थकीत नाहीत ना हे परिवहनच्या अॅपवर पाहून घ्यावे. टोकन देताना पावतीवर ‘तपासणीत रनिंग किंवा अपघाताबाबत तफावत आढळल्यास टोकन परत’ असे लिहून घ्यावे. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही. विमा आपल्या नावावर करण्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नसल्यामुळे विक्रेत्याने दाखवलेला हप्ता आपल्यालाही तेवढाच बसेल असे गृहीत धरू नये.