जुनी ‘थ्री नॉट थ्री’ घेण्याआधी कशी पारखावी

गणपतीच्या बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराच्या खांद्यावर लहानपणी पाहिलेली रायफल मला पुन्हा भेटली ती अमेरिकेत. शनिवारचं शस्त्र-प्रदर्शन, टेबलावर हिरवं कापड, त्यावर ती आडवी ठेवलेली. लोखंडावर ठसा होता: इशापूर, १९४२. लाकूड आरशासारखं चकचकीत. मी भाव न करता घेतली आणि फसलो. कसा फसलो ते लाकडाच्या भागात येईलच.

भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) असल्यामुळे सामान्य माणसाला ही रायफल घरी ठेवता येत नाही. म्हणून हे सगळं परदेशात, तिथले कायदे पाळून जुनी शस्त्रं जमवणाऱ्या मराठी मंडळींसाठी. उदाहरण एकच घेतो: ली-एन्फील्ड, हीच ती थ्री नॉट थ्री, म्हणजे १९०७ साली आलेली मार्क ३ आणि १९१६ची मार्क ३ स्टार.

आधी रिकामी करा

विक्रेता ‘रिकामीच आहे’ म्हणाला तरी बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडा, मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी काढा, आत डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. विचारल्याशिवाय चाप ओढायचा नाही. मग खिशातून छोटी बॅटरी, भिंग आणि वही काढा. वही हवीच, कारण आकडे डोक्यात राहत नाहीत.

ठसे वाचा

दस्ता जिथे लोखंडाला मिळतो त्या गळ्याच्या उजव्या बाजूला रायफलचा जन्मदाखला असतो: मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल, मॉडेल. इंग्लंडमध्ये एन्फील्ड आणि बीएसए, ऑस्ट्रेलियात लिथगो, बंगालमध्ये इशापूर. दुसऱ्या महायुद्धातल्या इशापूरवर ‘जी. आर. आय.’ दिसतं. त्यातला ‘आय’ म्हणजे सम्राट, कारण राजा इथे बादशहाही होता. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

इथेच ‘डी. पी.’ हा ठसाही शोधा. तो कवायतीच्या रायफलींवर मारत आणि बऱ्याचदा त्या मुद्दाम निकामी केलेल्या असत. भिंतीवर टांगायला ठीक, पण त्यातून गोळी झाडायची नाही. नळीभोवती पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी बांधलेली रायफल समजा. तिलाही साध्या गोळीच्या कामाला लावू नका.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती बसवलेली असते. तिच्यावर कधी कधी पलटणीची खूण मिळते. मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच. मात्र चकती नवी कोरी लखलखत असेल तर कुणीतरी चिंच लावून घासलीय असं धरून चाला.

आकडे जुळवा

क्रमांक लोखंडी बॉडीवर, नळीवर आणि बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला असतो. शिवाय मागच्या साइटखाली, पुढच्या टोपीवर आणि पुढच्या लाकडाच्या पोटाखालीही पाहा. प्रत्येक जागचा आकडा वहीत लिहा.

सगळे जुळले तर उत्तम. निदान बॉडी, नळी आणि बोल्ट तरी जुळावेत. जुना आकडा रेघ मारून खोडलाय आणि शेजारी नवा ठोकलाय असं दिसलं तर घाबरू नका. ते सैन्यातल्या आर्मोररने, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने, केलेलं काम असू शकतं आणि त्यालाही इतिहास आहे. संशय घ्यायचा तो ताज्या, चमकत्या कडांच्या आकड्याचा. ऐंशी वर्षांच्या लोखंडावर अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात, खोलगट भागात काळा मळ बसलेला असतो. भिंगाखाली हे लगेच कळतं.

लाकूड: इथेच मी फसलो

अंगठा दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीवरून लाकडाकडे हळूहळू सरकवा. मूळ रायफलीचं लाकूड धातूपेक्षा केसभर वर असतं, बोटाला कंगोरा लागतो. माझ्या रायफलीत उलटं होतं: पितळ वर, लाकूड खाली. कुणीतरी सँडपेपरने सगळं घासून वर वॉर्निश मारलं होतं. ठसे गेले आणि किंमतही गेली. लाकडावरचे डाग, खोक, तेलाने आलेला काळपटपणा हे दोष नाहीत. घासलेलं लाकूड परत आणता येत नाही.

मॅगझिनच्या पुढे लाकडात आरपार गेलेला स्क्रू दिसला तर तो कुणा हौशी माणसाचा प्रताप समजू नका. तो इशापूरचाच, लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. पुढचं लाकूड अर्ध्यावर कापलेलं असेल तर ती शिकारीसाठी बदललेली ‘स्पोर्टर’. नळी मात्र मूळ २५.२ इंच असेल तर कष्टाने तिला परत मूळ रूपात आणता येतं. नळीच कापली असेल तर नाद सोडा.

एक कळकळीची विनंती: पारखायला म्हणून दस्त्याचा लांब स्क्रू उलगडू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या लोखंडी पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो फिरवलात तर ते लाकूड तडकतं. आधी पुढचं, मग मागचं, हाच क्रम.

नळी

बोल्ट बाहेर काढा आणि आधी कोरडी चिंदी फिरवा, कारण तेलाखाली सगळ्याच नळ्या छान दिसतात. मग बॅटरी मागून धरा. पाच खाचा डावीकडे वळत गेलेल्या दिसायला हव्यात, काठ धारदार. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने मागे खारट राख राहायची. उकळत्या पाण्याने न धुता ठेवलेल्या नळीत त्यामुळे गंज बसला. नुसती धुरकट छटा असेल तर चालतं. खड्डे असतील तर भाव खाली.

नळीचं तोंड जरा निरखून बघा. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठावर रहाटाच्या दोराने दगड कातलेला असतो, तसंच इथे होतं. सफाईची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने ओढली की तोंड गोल न राहता लंबगोल होतं, आणि अशी रायफल नेम धरत नाही.

आत खाचाच नाहीत, गुळगुळीत पाइप? ती झिजलेली नसून .४१० मस्केट असू शकते. भारतात पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी .३०३ रायफलींवरून ती बनवली गेली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असेल तर तीच. तिच्यावर प्रेम करणारे वेगळे आहेत. दुसरी गफलत ७.६२ मि.मी. काडतुसाच्या इशापूरची. तिचं मॅगझिन चौकोनी आणि बारा गोळ्यांचं. ‘.३०३वरून बदललेली’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, ती त्या काडतुसासाठी मुळातच नवी घडवलेली रायफल आहे.

बोल्ट आणि हेडस्पेस

बोल्ट बंद झाल्यावर त्याचं डोकं आणि नळीचा मागचा काठ यांच्यात काडतुसाच्या कडेसाठी उरते ती जागा म्हणजे हेडस्पेस. ती मोजायचं काम घाईचं नाही. ठरावीक जाडीच्या पोलादी चकत्या, म्हणजे गेज, घेऊन करायचं. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट एका बोटाने बंद झाला पाहिजे, आणि ०.०७४वर अजिबात होता कामा नये. दुसऱ्यावरही बंद झाला तर बोल्टचं डोकं बदलावं लागेल. नंबर ४ मॉडेलला ० ते ३ अशा मापांची डोकी मिळतात, या जुन्या मार्क ३ला मात्र एकेक लावून बघत बसावं लागतं. गेज नसतील तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, आणि तोपर्यंत झाडू नका.

घरी आणल्यावर मी काय करतो? धातूवर हलका तेलाचा हात, लाकडावर कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहाताने चोळून, आणि बास. मी घेतलेली ती पहिली रायफल अजून भिंतीवर आहे. नवीन कुणी आला की मी त्याला तिच्याच दस्त्यावरून अंगठा फिरवायला सांगतो.