जंगलालगतच्या गावांत काम करताय? या चुका टाळा

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत दरवर्षी नवी मंडळी येतात. कोणाकडे कंपनीने समाजकामासाठी दिलेला सीएसआर निधी असतो, कोणी नुकतंच समाजकार्याचं शिक्षण संपवून आलेलं असतं. त्यांची तळमळ खरी असते, पण घाई फार असते. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे, जूनपर्यंत अहवाल गेला पाहिजे, आणि गावाचं वर्ष मात्र पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालतं. खालच्या बहुतेक चुका यातूनच होतात. चंद्रपूरकडचं मला माहीत आहे, तेवढंच लिहिते.

कुंपण देऊन निघून जाणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. सौर कुंपणाची झटका मशीन तारेत क्षणाक्षणाने झटका सोडते. रानडुक्कर बिचकून मागे फिरतं, मरत नाही. लाइनवरची वीज थेट तारेत सोडली, तर जे अडकेल ते मरतं. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेलेत, बिबटे मेलेत, शेतकरीही मेलेत. म्हणून झटका मशीन गावात यायलाच हवी. प्रश्न असतो तो ती आल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याचा.

बफरमधल्या एका गावात एका संस्थेने धानाच्या रोवणीच्या आधी कुंपणं वाटली. खांब रोवले, तार ओढली, पाटी लावली, फोटो काढले. पाऊस लागला तसं धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत वाढून खालच्या तारेला टेकलं. गवत तारेला लागलं की झटका जमिनीत उतरतो आणि बॅटरी बसते. हे कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं. धान निसवायला लागला आणि डुकरं आत शिरली. दोन रात्रींत बांधीच्या बांधी, म्हणजे धानाचे वाफेच्या वाफे, लोळवलेल्या पाहिल्यावर एका शेतकऱ्याने त्याच खांबांवरच्या त्याच तारेला लाइनवरून आकडा टाकला. शेजाऱ्याचा बैल त्या तारेला चिकटून जागीच गेला. मला बोलावलं ते दोन घरांत मारामारीची वेळ आली म्हणून. बैलाच्या जागी पहाटे पाणी पाहायला आलेला माणूस असता, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

आकडा टाकणाऱ्याला मी त्या दिवशीही दोष दिला आणि आजही देते. पण बंद पडणार हे ठरलेलं कुंपण त्याच्या हातात ठेवून गेलेल्यांनाही माझ्या लेखी माफी नाही.

आता मी काय करते, ते सांगते. एकट्या शेतकऱ्याला कुंपण मिळवून देत नाही. एकाचं शेत बंद झालं की डुकरं शेजारच्या शेतात घुसतात आणि भांडण तुमच्या नावावर लागतं. लागून असलेल्या शेतांची एक पट्टी धरायची. तारेखालचं गवत कोणी कोणत्या आठवड्यात कापायचं, मशीन बिघडली तर चंद्रपूरला कोण नेणार आणि भाडं कोण देणार, ही नावं मशीन यायच्या आधी वहीत उतरवून घ्यायची. नावं ठरत नसतील तर मशीन मागवायची नाही. पोळ्यानंतर मी एक फेरी मारतेच. टेस्टर सोबत असतो, पण खरं पाहायचं असतं ते गवत.

मोहाच्या दिवसांत सभा

मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटे अंधारात मोह वेचायला निघतात. मे महिन्यात तेंदूपाना, म्हणजे बिडीच्या पानांचा हंगाम, असतो: सकाळी तोडाई, दुपारी घरी बसून पुडके बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजणी. अशा दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवायची आणि लोक आले नाहीत म्हणून ‘गावाला रस नाही’ असं लिहायचं, हे थांबवा. रात्री जेवणं झाल्यावर टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जा. वाघाचे हल्लेही याच दिवसांत वाढतात, कारण माणूस पहाटे एकटा, वाकलेला आणि झुडपांत असतो. घोळक्याने जा, उजाडल्यावर जा, हे सांगायचं तर ते फेब्रुवारीत सांगून झालेलं हवं.

फुलं नीट दिसावीत म्हणून लोक मोहाखालचा पाला जाळतात. तो जाळू नका, एवढंच सांगून भागत नाही. झाडाखाली झाडून द्यायला किंवा जाळी बांधायला स्वतः हात लावा.

मेलेल्या गुराकडे ‘उद्या बघू’ म्हणणं

वाघाने गाय मारली की पुढचे दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. घटना ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायची असते आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरून हलवायचं नसतं. २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैल गेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. पण जनावर आधी नाल्यात ओढून टाकलं आणि मग वनखात्याच्या गार्डला फोन केला, की प्रकरण अडकतं.

नव्या कार्यकर्त्यांना हे कागदी काम वाटतं. ते वाघाच्या जनजागृतीवर पथनाट्य बसवतात आणि नुकसानभरपाईचा अर्ज मात्र त्यांना भरता येत नाही. वाघ मारलेल्या जनावराकडे परत येतो. आपल्याकडे कोणी फिरकलं नाही या रागात मालकाने त्या मढ्यावर विष टाकलं, तर वाघीण पिल्लांसकट जाते. हा राग पहिल्या रात्रीच शांत करावा लागतो. तो पथनाट्याने शांत होत नाही. त्याच्या अंगणात जाऊन बसल्याने आणि सकाळी पंचनाम्याला त्याच्यासोबत उभं राहिल्याने होतो. बीटगार्डचा, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाचा, नंबर मी गोठ्याच्या भिंतीवर रंगवूनच घेते. मोबाइलमध्ये जतन केलेला नंबर नेमका त्या वेळी सापडत नाही.

थोडक्यात काही

शेळ्या वाटण्याआधी रात्रीचा बंद गोठा बांधा. बिबट्या गावात शेळीसाठीच येतो. गॅस शेगडी दिली म्हणजे जंगलातली मोळी बंद झाली असं लिहू नका. दुसरं सिलिंडर कोणी भरलं ते विचारा. पर्यटनावर गावाचा सगळा संसार उभा करू नका: जुलै ते सप्टेंबर कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची, सफारी बंद असते, आणि गेटपासून लांबच्या गावाला जिप्सीची धूळसुद्धा मिळत नाही.

ग्रामपंचायतीची सही घेऊन मोकळं होणं

सरपंचाची सही म्हणजे गावाची संमती, असं समजू नका. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि त्यात अधिकार ग्रामसभेचा आहे. ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. आमच्याच जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने बांबूचं काम हातात घेतलं आणि तेंदूपाना स्वतःहून बंद केला, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. हातातला रोख पैसा सोडायचा हा ठराव बाहेरच्या कुठल्याही संस्थेने मांडला असता तर गावाने तिला हाकलून दिलं असतं. लोकांनी तो रात्र-रात्र बोलून घेतला, म्हणून पाळला.

तुमच्या प्रकल्पात अशा बोलण्यासाठी वेळ ठेवलेला नसेल, तर निधी देणाऱ्याकडे आधी तो मागून घ्या. आणि वह्या गावात ठेवा. ठराव, गवत कापायची पाळी, भरपाईच्या अर्जांच्या पोचपावत्या, सगळं ग्रामसभेच्या पेटीत. दोन वर्षांनी तुमची बदली होईल, तेव्हा तुमच्या लॅपटॉपमधलं गावाच्या काही कामाचं राहणार नाही.