एक्स-रेवर छातीतलं पाणी कसं ओळखायचं

फिल्म लावली की आधी पाहायचं, ती उभ्याने काढली आहे, बसवून की झोपवून. फुप्फुसाच्या आवरणात साचलेलं हे पाणी वजनाने खाली उतरतं, त्यामुळे रुग्णाची स्थिती बदलली की सावलीही बदलते. बहुतेक चुका इथेच होतात.

उभ्याने काढलेल्या पीए (किरण पाठीकडून पुढे जाणाऱ्या) फिल्मवर बरगड्या आणि श्वासपटल जिथे मिळतात, तो बाहेरचा कोपरा बघा. एरवी तो टोकदार असतो. साधारण 200 ते 300 मिली पाणी साचलं की बोथट होतो. कोपरा फिल्मबाहेर कापला गेला असेल तर अंदाज बांधू नका, फिल्म पुन्हा काढून घ्या. लॅटरल (बाजूने काढलेल्या) फिल्मवर मागचा कोपरा सगळ्यांत खोल असल्याने 50 ते 75 मिली पाणीही तिथे कळू शकतं. पाणी वाढलं की पांढऱ्या सावलीची वरची कड खोलगट होऊन छातीच्या भिंतीकडे चढत जाते. तीच कड अगदी सरळ, आडवी असेल तर पाण्यासोबत हवाही आहे.

झोपवून काढलेली फिल्म खरी फसवी. पाणी पाठीकडे पसरतं आणि कोपरा शाबूत दिसू शकतो. तेव्हा दोन्ही बाजूंचा उजळपणा ताडून पाहा: पाण्याच्या बाजूला पातळ पांढरी झाक येते, पण तिच्यातून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. न्यूमोनियाच्या दाट पॅचमध्ये त्या हरवतात.

कधी पाणी फुप्फुसाच्या तळाखालीच राहतं आणि श्वासपटल वर सरकल्याचा भास होतो. अशा वेळी श्वासपटलाच्या घुमटाचा उंच भाग मधोमध न राहता बाहेरच्या बाजूला गेलेला असतो. डावीकडे जठरातली हवा आणि घुमट यांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर संशय पक्का करा.

एक बाजू पूर्ण पांढरी असेल तर श्वासनलिका शोधा. भरपूर पाणी तिला पलीकडे ढकलतं, मिटलेलं फुप्फुस स्वतःच्या बाजूला ओढतं. ती मधोमधच असेल तर दोन्ही एकत्र असू शकतं, म्हणून सीटी करावा.

बोथट कोपरा म्हणजे दरवेळी पाणी नव्हे. जुन्या आजारानंतर फुप्फुसाचं आवरण जाड होऊनही तो तसाच राहतो. जुनी फिल्म मिळवून शेजारी ठेवा. बोथट कोपऱ्याच्या कुशीवर झोपवून फिल्म काढली तर मोकळं पाणी भिंतीलगत थर धरतं, जाड आवरण जागचं हलत नाही. कप्प्यात अडकलेलं पाणीही हलत नाही, म्हणून सुई घालण्याआधी सोनोग्राफीवर जागा पाहून घ्यावीच.