‘यातून काय शिकलास?’ आणि चित्रपुस्तकं वाचताना होणाऱ्या इतर चुका

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवते. मुलांना न्यायला आलेले आईबाबा हमखास एक तक्रार करतात, “ताई, रागावरचं पुस्तक मुद्दाम आणलं, पण काही फरक नाही.” कधी वाचलंत, असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं. त्यानं बहिणीला मारलं, म्हणून लगेच पुस्तक काढलं.

त्या क्षणी मूल रडवेलं असतं, कान तापलेले असतात, त्याला काही ऐकूच येत नाही. त्यातून पुस्तक म्हणजे शिक्षा, हे मात्र पक्कं डोक्यात बसतं. पुढच्या वेळी ते मुखपृष्ठ बघूनच पळतं. भांडण झालं तेव्हा मूल जवळ घ्या, शांत होऊ द्या, बास. रागाचं पुस्तक राग नसतानाच वाचायचं असतं, दुपारी पोटभर जेवण झाल्यावर किंवा रात्री अंथरुणात.

दुसरी चूक मीही बरीच वर्षं केली. गोष्ट संपली रे संपली की तात्पर्य विचारायचं. आपण सगळे त्यातच वाढलो, त्यामुळे तोंडातून ते आपोआप येतं. मुलंही हुशार, “सगळ्यांशी चांगलं वागावं” असं पाठ केल्यासारखं म्हणून मोकळी होतात.

मागच्या पावसाळ्यात आम्ही पुराची गोष्ट वाचत होतो. एका पानावर खिडकीत बसलेला मुलगा आणि खाली चढत चाललेलं पाणी, एवढंच चित्र. चार वर्षांचा एक जण बोट ठेवून म्हणाला, “पाणी मारुतीच्या छातीपर्यंत आलंय.” चित्रात मारुती नव्हताच. तो आजोबांबरोबर गोदाघाटावर पूर बघून आला होता, आणि नाशिकमध्ये पूर मोजायचा तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच, पाणी तिच्या कुठवर चढलं ते बघून. शेजारच्या मुलीनं विचारलं, “मारुतीला भीती वाटली असेल?” त्यानं बराच विचार केला. “त्याला दोन तोंडं आहेत ना. एक घाबरतं, एक नाही घाबरत.”

एकाच वेळी भीतीही वाटते आणि धीरही असतो, हे मला त्यांना कधी समजावता आलं नसतं. मी फक्त विचारलं, “आणि खिडकीतल्या मुलाचं काय चाललंय?” मग दहा मिनिटं पान उलटलं नाही. शेवट तसाच राहिला आणि कुणी मागितलाही नाही.

म्हणूनच भरभर वाचणं टाळा. चित्रपुस्तक साधारण 32 पानांचं असतं, मजकूर थोडका. मोठ्यानं वाचला तर पाच मिनिटांत संपतो, आणि तिथेच आपण फसतो. ओळीत ‘ती घरी आली’ एवढंच असतं. तिचे पडलेले खांदे, ओढत आणलेलं दप्तर हे चित्रात असतं. मुलाला वाचता येत नाही, पण चित्र ते आपल्यापेक्षा बारकाईनं बघतं. त्याची नजर पानावरून हलेपर्यंत थांबा.

आता शब्दांबद्दल, कारण हे मला फार लागतं. ‘तो सॅड आहे की अँग्री?’ एवढ्या दोन खोक्यांत आपण मुलांची मनं कोंबतो. आपल्याकडे रुसणं वेगळं, चिडणं वेगळं. रुसलेल्याला कुणीतरी मनवायला यावं असं वाटत असतं, चिडलेल्याला कुणी जवळ नको असतं. हिरमुसणं, खट्टू होणं, हेवा वाटणं, धाकधूक, ओशाळणं, कळवळा हे शब्द घरात बोलले गेले तरच मुलांना मिळतील. पुस्तक इंग्रजी असेल तर ओळीओळीचं भाषांतर करत बसू नका, चित्र बघून आपल्या बोलीत सांगा. “बघ, कसा हिरमुसला” एवढं म्हटलं तरी मूल त्या चेहऱ्याकडे नव्यानं बघतं.

दयाळूपणाच्या पुस्तकांचं आणखी एक. दोन वर्षांच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवून लगेच “आता तुझी गाडी दे त्याला” म्हणू नका. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललेलं असतं, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास नीट कळू लागतं. त्याआधी चेहऱ्यांना नावं द्या, तेवढं पुरे. आणि जबरदस्तीचं ‘सॉरी’ नकोच.

छोट्या अडचणी: मूल पानं फाडत असेल तर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आणा. बसत नसेल तर उभं राहून ऐकू दे. एकच पुस्तक रोज मागत असेल तर रोज वाचा, त्याचं त्यात काहीतरी चाललेलं असतं. पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. फक्त मोबाइल मुलाच्या हातात न देता मांडीवर घेऊन वाचा. नाशिकमध्ये 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे मुलाला सोबत न्या आणि त्याला निवडू द्या.

एखाद्या पानाला मूल घाबरलं तर “त्यात काय घाबरायचं” म्हणू नका. आमच्याकडे अंधाऱ्या विहिरीचं एक पान आहे. ते मुलांनी स्वतःच पेपरक्लिप लावून बंद केलंय. कुणाला बघावंसं वाटलं तर तो आधी सगळ्यांना विचारतो आणि मग क्लिप काढतो.