मेकोनियमचं बाळ आणि सीआरपीचा कागद: या चुका टाळा

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, नवीन रुजू होणाऱ्या पोरापोरींना मी पहिल्याच दिवशी बजावतो: आईच्या पोटात शी (मेकोनियम) करून ती श्वासाबरोबर फुप्फुसात ओढलेल्या बाळाचा सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, वाढला, एवढ्यासाठी मला उठवू नका. तरी रात्री दोनला फोन येतोच. "सर, सीआरपी 38 आलाय. मेरोपेनेम सुरू करू?" म्हणजे थेट भारी अँटिबायोटिक.

बाळ कसं आहे ते मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मेकोनियम म्हणजे नुसता चिकट हिरवा मळ नव्हे. त्यात पित्ताम्लं असतात, स्वादुपिंडाचे पाचक रस असतात, सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारा थर) नासवणारं फॉस्फोलायपेज ए2 असतं. ते फुप्फुसात उतरलं की एकही जंतू नसताना कॉम्प्लिमेंट ही रक्तातली संरक्षक प्रथिनं जागी होतात, इंटरल्यूकिन-8 आणि टीएनएफ ही दाह पेटवणारी द्रव्यं सुटतात, काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात. इंटरल्यूकिन-6 च्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवू लागतं. नंदुरबारला मिरचीच्या पथारीजवळून गेलं की ठसका लागतो, त्याला कोणी न्यूमोनिया म्हणत नाही. शिवाय जन्माच्या ताणानं धडधाकट बाळाचाही सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गाचा अंदाज घ्यायची दुसरी रक्ततपासणी) पहिल्या दोन दिवसांत थोडं चढतंच.

एका हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून 108 अँब्युलन्समध्ये असंच मेकोनियम ओढलेलं एक बाळ आलं. प्रसूतीची तारीख उलटून जन्मलेलं, चांगलं वजनदार. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'सेप्सिस', म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. दीड दिवसात अँटिबायोटिक तीनदा बदललेलं, सीआरपी दर पाळीला काढलेला, रक्तात जंतू आहेत का ते दाखवणारं ब्लड कल्चर एकदाही नाही. बाहेर आजी विचारत होती, "रिपोर्ट वाढी ऱ्हायना म्हनतस, आते कसं करानं?"

सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) प्रोब उजव्या हाताला होता, 93 दाखवत होता, म्हणून सगळे निर्धास्त. दुसरा प्रोब पायाला लावला: 78. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या आणि अशुद्ध रक्त डक्टसमधून (फुप्फुसाची धमनी महाधमनीला जोडणाऱ्या, जन्मापूर्वीच्या वाहिनीतून) परस्पर खाली जात होतं. हीसुद्धा त्या दाहाचीच करणी. त्यात थ्रॉम्बोक्सेन, एंडोथेलिनसारखी द्रव्यं सुटतात आणि वाहिन्या आवळतात. बाळाला हवं होतं नीट व्हेंटिलेशन, बीपी सांभाळणं, कमीत कमी हाताळणी आणि या वाहिन्या सैल करणारं सिल्डेनाफिल. मिळत होतं चौथं अँटिबायोटिक. बाळ वाचलं, पण नशिबानं. कागदावरचा आकडा बघणं सोपं असतं, बाळाजवळ उभं राहायला वेळ लागतो.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. आधी 1 मिलि रक्त कल्चरला, मगच अँटिबायोटिक. धाप लागलेल्या बाळाला पहिल्या दिवशी औषध सुरू करण्यात गैर काही नाही, ते थांबवायची हिंमत हवी. दोन प्रोब, हाताला आणि पायाला, पहिल्या तासापासून. सीआरपी 24 तासांनंतर एकदा, मग त्याच्या पुढच्या दिवशी. 48 तासांनी कल्चर स्वच्छ आणि श्वास सुधारतोय तर औषध बंद, सीआरपी थोडा वर असला तरी. आईला ताप होता, पाणी फुटून 18 तास उलटलेत, पाण्याला घाण वास आहे, तर हिशेब वेगळा. उतरलेला सीआरपी पुन्हा चढला आणि बाळ मलूल पडलं, तर मात्र मला जरूर उठवा.

दुसरी खोड सक्शनची, म्हणजे नळीनं मेकोनियम ओढून काढण्याची. डोकं बाहेर येताच नाकातोंडात नळी घालायची घाई अजून गेलेली नाही. त्याचा फायदा नाही हे 2004 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. 2015 पासून मलूल बाळालाही श्वासनळीत नळी घालून सरसकट ओढायला सांगत नाहीत. काही बाळांनी तर मेकोनियम पोटातच फुप्फुसात ओढलेलं असतं, ते तुमच्या नळीला कुठून सापडणार? बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटात बॅग-मास्कनं श्वास द्या. मार्ग खरोखर अडला असेल तरच सक्शन.

बाळाला उलटं धरून थोपटणं: बंद करा. दाह आहे म्हणून सरसकट स्टेरॉइड: नको. एक्स-रे भयंकर दिसला म्हणून घाबरू नका, चांगला दिसला म्हणून झोपू नका. चित्राचा आणि आजाराच्या जोराचा मेळ बसतोच असं नाही. पाण्याच्या हिरव्या रंगावरून आईला बोल लावणाऱ्या सिस्टरला बाजूला घेऊन समजवा.

आणि कल्चर निगेटिव्ह असेल तर डिस्चार्जवर 'सेप्सिस' लिहू नका. तोच कागद घेऊन आई पुढच्या सर्दीला गावातल्या डॉक्टरकडे जाते आणि तिथं पहिल्या झटक्यात इंजेक्शन सुरू होतं.